क्रूझवरची रहस्यकथा लिहिताय? या चुका टाळा

खून झाला, मृतदेह बाल्कनीतून समुद्रात टाकला, सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. नवा लेखक पहिल्यांदा इथेच फसतो. जहाज म्हणजे लॉज नव्हे. चढता-उतरताना प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं आणि पडद्यावर फोटो उमटतो. केबिनच्या कुलपात दार कधी उघडलं याची नोंद राहते, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात, केबिन आवरणारा स्टुअर्ड रोज येतो.

नागपुरातल्या एका लेखन शिबिरात आलेलं हस्तलिखित घ्या. धरमपेठेतल्या काकू रात्री २ वाजता समुद्रात पडतात, पुतणीला सकाळी ८ वाजता कळतं आणि ९ वाजता बचावनौका त्यांना ‘जवळच’ शोधून काढते. जहाजाचा वेग लेखकानेच २० नॉट दिलेला. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सहा तासांत जहाज २२२ किलोमीटर पुढे गेलं; नागपूरहून निघालो असतो तर अमरावतीही मागे पडली असती. या एका हिशेबाने अख्खा शेवट कोसळला. अशा वेळी नोंदी तशाच राहू द्या आणि चूक पुतणीच्या समजुतीत घाला: काकू पडल्याच नव्हत्या, त्या दुसऱ्याच केबिनमध्ये होत्या.

त्यासाठी आधी डेक-प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, डाउनलोड करा, ए-३ कागदावर प्रिंट काढा, केबिन, जिने, कॅमेरे यांवर लाल पेनाने खुणा करा. मग रात्री १० ते सकाळी ८, अर्ध्या-अर्ध्या तासाला कोण कुठे होतं त्याचा तक्ता भरा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून थेट पहिलं प्रकरण लिहायला बसणाऱ्यांना पुढे सगळं खोडावं लागतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे नायिकेचा गोंधळ नुसत्या ‘मानसिक धक्क्या’वर खपवणं. जहाजावर शरीराची कारणं हाताशी असतात. प्रवासातल्या उलटीवरच्या प्रोमेथाझिनने गुंगी येते, दारूसोबत ती वाढते. त्याच त्रासासाठी कानामागे लावायची स्कोपोलामिन या औषधाची पट्टी ३ दिवस चालते. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, आणि काहींना, विशेषतः वयस्कांना, भास होतात. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये दिवस-रात्र कळत नाही. मुंबईहून दुबईला जाताना घड्याळ एकूण दीड तास मागे करावं लागतं. एखाद्याच्या मनगटावर जुनीच वेळ राहिली, तर तो खरं बोलूनही खोटा ठरतो. पण पट्टी आणि घड्याळ वाचकाला सुरुवातीलाच दिसू द्या. ‘तिला औषध दिलं होतं’ हे शेवटच्या पानावर सांगणं म्हणजे वाचकाची फसवणूक.

आणीबाणीचा भोंगा सात छोटे आणि एक लांब, असा वाजतो.

मृतदेह स्वयंपाकघराच्या फ्रीजरमध्ये ठेवू नका. मोठ्या क्रूझवर शवागार असतं.

तपास कॅप्टन एकटा करत नाही, सुरक्षा अधिकारी असतो. खुल्या समुद्रात जहाज ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचा अधिकार चालतो. नागपूरचे निरीक्षक तिथे हुकूम सोडू शकत नाहीत.

आणि नागपूरची नायिका जहाजावर चढताच पुणेरी बोलू लागते, ते थांबवा. घाबरली की तिच्या तोंडून ‘काहून?’च निघेल.