रब्बी ज्वारीच्या रानातील मातीच्या धूपेचा अंदाज कसा काढावा

शेतातून वर्षाकाठी किती माती वाहून जाते, याचा अंदाज बांधण्यासाठी विश्मायर आणि स्मिथ या संशोधकांनी अमेरिकेतील प्रायोगिक वाफ्यांच्या दीर्घकालीन नोंदींवरून मांडलेले आणि १९७८ मध्ये सुधारित रूपात प्रसिद्ध झालेले समीकरण आजही सर्वाधिक वापरले जाते. त्याची मांडणी अशी आहे:

वार्षिक धूप = पावसाची धूपशक्ती × मातीची धूपप्रवणता × उतार घटक × पीक घटक × संवर्धन घटक

उदाहरणासाठी सोलापूर भागातील भारी काळ्या जमिनीचे एक रान घेऊ. सरासरी वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटर, उतार २ टक्के आणि उताराच्या दिशेने लांबी ६० मीटर.

पावसाची धूपशक्ती खरे तर प्रत्येक सरीची ऊर्जा आणि तिच्यातील सर्वाधिक अर्ध्या तासाची तीव्रता यांवरून काढायची असते. तशा नोंदी हाताशी नसतील, तर भारतात रूढ असलेले सूत्र वापरावे: ७९ + (०.३६३ × वार्षिक पाऊस). आपल्या रानासाठी उत्तर ३३३ येते. येथे एककांकडे बारकाईने लक्ष द्यावे. हा आकडा जुन्या मेट्रिक एककातील आहे. मातीच्या धूपप्रवणतेचा (माती किती सहज वाहून जाते याचा) तक्ता मेगाज्यूल या ऊर्जेच्या एककावर आधारलेला असेल, तर ३३३ ला ९.८१ ने गुणल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर धूप जवळजवळ दहापट कमी दिसेल.

धूपप्रवणता मातीतील वाळू, गाळ, चिकणमाती, सेंद्रिय पदार्थ आणि पाणी मुरण्याचा वेग यांवर अवलंबून असते. माती परीक्षणाचा अहवाल आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे यांचा येथे उपयोग होतो. उदाहरणात ती मेट्रिक एककात ०.२ धरली आहे.

उतार मात्र रानात जाऊनच मोजावा. उपग्रहाच्या ३० मीटर चौकटीच्या नकाशात बांध दिसत नाहीत, आणि पाणी बांधापाशी अडत असेल तर लांबी तेथेच संपते. म्हणून हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम ही पातळी मोजण्याची साधी साधने घेऊन बांधापासून बांधापर्यंतचे अंतर आणि पातळीतील फरक नोंदवावा. ६० मीटर व २ टक्के यांसाठी उतार घटक सुमारे ०.२५ येतो. तीच लांबी ठेवून उतार ४ टक्के केला, तर तो ०.५२ होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. मध्यभागी बांध घालून लांबी ३० मीटरवर आणली, तर तो केवळ ०.२० पर्यंत उतरतो.

सर्वांत अधिक विचार पीक घटकाचा करावा लागतो, आणि बहुतेक हिशेब नेमके येथेच चुकतात असे माझे मत आहे. तक्त्यातून ज्वारीसाठी ०.४ उचलून सूत्रात बसवणे सोपे आहे. पण रब्बी ज्वारीचे रान जून ते सप्टेंबर मोकळे असते, त्यावर कुळवाच्या पाळ्या चालू असतात, आणि जोरदार सरी नेमक्या त्याच काळात कोसळतात. पिकाचे आच्छादन तयार होते तेव्हा पावसाळा सरलेला असतो. म्हणून वर्षाचे भाग पाडून, प्रत्येक भागात धूपशक्तीचा किती वाटा येतो आणि त्या वेळी जमीन किती उघडी असते, यांचा गुणाकार करून बेरीज करावी. समजा ८५ टक्के धूपशक्ती पेरणीपूर्वी आहे आणि मोकळ्या रानाचे गुणोत्तर (कायम उघड्या, नांगरलेल्या रानाच्या तुलनेत होणारी धूप) ०.८ आहे, तर ०.६८ मिळतात, उरलेल्या १५ टक्क्यांसाठी ०.४ धरल्यास ०.०६. एकूण ०.७४.

मशागत उताराच्या दिशेने होत असेल, तर संवर्धन घटक (धूप रोखणाऱ्या उपायांचा घटक) १ राहतो. तेव्हा धूप हेक्टरी वर्षाला सुमारे १२ टन येते; ०.४ वापरले असते तर ६.५ टनच दिसली असती. मातीची घनता घनमीटरला १.३ टन धरल्यास हेक्टरभर पसरलेल्या एक मिलिमीटर मातीचे वजन १३ टन भरते, तेव्हा १२ टन म्हणजे दरवर्षी जवळपास एक मिलिमीटर सुपीक थर गेला. उताराला आडवी मशागत व पेरणी केल्यास या उतारावर घटक ०.६ होतो आणि धूप ७ टनांच्या आसपास येते. खर्च फारसा न वाढवता एवढा फरक पडत असेल, तर शेतकऱ्यापुढे हाच पर्याय आधी ठेवावा. मोकळ्या काळात मूग किंवा उडीद घेता येत असेल, तर पीक घटक पुन्हा काढून तुलना करावी.

हे समीकरण दीर्घकालीन सरासरी सांगते. एका अतिवृष्टीची धूप, घळी (पाण्याने खोल कोरलेले चर), किंवा बांधाशी साचलेला गाळ त्यात येत नाही. घळी असतील, तर त्यांची लांबी, रुंदी आणि खोली स्वतंत्र मोजून आकारमान काढावे. अंदाज पडताळण्यासाठी मशागत न होणाऱ्या पट्ट्यात लोखंडी सळया ठोकून त्यांची उघडी उंची पावसाळ्यापूर्वी व नंतर मोजावी. एका वर्षाचा फरक मिलिमीटरभर असल्यामुळे तो मोजणीच्या चुकीत सहज हरवतो. म्हणून अशा नोंदी अनेक पावसाळे आणि रानाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागात घ्याव्यात.