मुलांसाठी राज्याचा कायदा कसा बदलून घ्यावा: बालविवाहाच्या एका कलमाची वाट

गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 साली. महिला संघटना, डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी तो लावून धरला होता. केंद्राचा कायदा त्यानंतर 1994 मध्ये आला. रोजगार हमीची वाटही अशीच. 1972 च्या दुष्काळात ती योजना होती, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्यासारख्यांनी पाठपुरावा केला, 1977 मध्ये राज्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाचा. राज्याचा कायदा नागरिकांना घडवता येतो, हे आपल्याकडे एकदा नाही, अनेकदा सिद्ध झालं आहे.

मात्र मागणी नेमकी लागते. ‘मुलींचं रक्षण करा’ असं निवेदन मंत्रालयात गेलं की त्यावर आवक क्रमांक पडतो आणि ते फायलीत जातं. ‘अमुक अधिनियमाच्या अमुक कलमात हे पोटकलम घाला’ असं लिहिलं, तर कक्ष अधिकाऱ्याला टिपणी लिहिण्यासारखं काही हाती लागतं. पुढचं सगळं बालविवाहाचं उदाहरण धरून सांगतो. विषय तुमचा वेगळा असेल, वाट हीच आहे.

1. आधी आहे तो कायदा वाचा

बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 हा केंद्राचा कायदा आहे. तो बालविवाह लावणाऱ्यांना शिक्षा देतो, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण कलम 3 वाचलं की धक्का बसतो. बालविवाह गुन्हा आहे, तरी लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. ज्या मुलीचं किंवा मुलाचं लग्न लावलं, तिने किंवा त्याने (अज्ञान असेल तर पालक किंवा जवळच्या व्यक्तीमार्फत) जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. सोळाव्या वर्षी सासरी गेलेल्या, कडेवर मूल असलेल्या मुलीने वकील गाठून आपल्याच आईबापांनी लावलेलं लग्न मोडायला कोर्टात जायचं, ही अपेक्षा कायदा तिच्याकडून करतो.

कर्नाटकाने हे बदललं. 2016 च्या दुरुस्तीने तिथे कलम 3 मध्ये नवं पोटकलम आलं आणि त्यानंतरचा प्रत्येक बालविवाह मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या नजरेत झालाच नाही असा, ठरला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या दुरुस्तीची प्रशंसा केली आणि इतर राज्यांनीही हा मार्ग धरणं शहाणपणाचं ठरेल, असं म्हटलं. पुढे हरियाणानेही तो धरला.

राज्याला हा अधिकार आहे का? आहे. विवाह आणि अल्पवयीन मुलं हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद करायची असेल, तर अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती लागते, एवढंच. निवेदन लिहिण्याआधी अशा आशयाचं विधेयक नुकतंच आलं आहे का, हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आलं असेल तर तुमचं काम नव्या मागणीचं नाही, त्या विधेयकाला बळ देण्याचं आहे.

2. कुटुंबाची बाजू मागणीत घ्या

ही पायरी लोक वगळतात आणि तिथेच फसतात. बीड-परभणीकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या रानात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायचं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचं, हा प्रश्न आईला रात्र रात्र झोपू देत नाही. सोबत नेलं तर शाळा सुटते आणि कोपीला दारही नसतं. लग्न लावून दिलं की काळजी मिटते आणि एक नवा कोयताही तयार होतो. अशा आईबापांना फक्त शिक्षेची भीती घालणारा कायदा मागणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मागणी जोडीने करा: एक, बालविवाह शून्य ठरवणारं पोटकलम. दोन, स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलामुलींना हंगामात वसतिगृहाचा कायदेशीर हक्क. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये सुरू झाली. पण योजना शासन निर्णयावर चालते. एका निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या निर्णयाने जाऊ शकते, निधी नसेल तर पुढे ढकलली जाते. कायद्यातला हक्क मात्र कोर्टात मागता येतो. रोजगार हमीने नेमकी हीच उडी मारली होती.

3. आकडे गोळा करा, तुमच्या तालुक्याचेही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातल्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड आणि परभणीत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होतं. हा सर्वेक्षणाचा आकडा झाला. यंत्रणा काय करते, हे माहिती अधिकारातून काढा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. विचारा: गेल्या तीन वर्षांत किती बालविवाह रोखले, किती गुन्हे नोंदले, आणि कलम 3 खाली लग्न रद्द करण्याचे किती अर्ज दाखल झाल्याची नोंद कार्यालयाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. ते शून्य किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तरी तोच तुमचा पुरावा आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील करा.

4. दुरुस्तीचा मसुदा स्वतः लिहा

एक पान पुरे. मजकूर साधारण असा:

‘बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 च्या कलम 3 मध्ये, महाराष्ट्र राज्यापुरते, पोटकलम (1) नंतर पुढील पोटकलम घालावे: (1अ) पोटकलम (1) मध्ये काहीही असले तरी, ही सुधारणा अंमलात आल्यानंतर झालेला प्रत्येक बालविवाह प्रारंभापासूनच शून्य असेल. मात्र मुलीचा निर्वाह व निवास, अपत्यांचा ताबा व निर्वाह आणि अपत्यांचे औरसत्व यांबाबतच्या कलम 4, 5 व 6 मधील तरतुदी अशा विवाहासही लागू राहतील.’

दुसरं वाक्य कधीही गाळू नका. ते नसेल तर लग्न शून्य होईल आणि त्यासोबत मुलीची पोटगी आणि तिच्या बाळाचं नावही वाऱ्यावर जाईल. आणखी एक आक्षेप तुम्हाला स्त्रियांच्या चळवळीतूनच ऐकू येईल: घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, बऱ्याचदा जातीबाहेर, लग्न करणाऱ्या तरुण जोडप्यांवर हे कायदे हत्यार म्हणून वापरले जातात. हा आक्षेप खरा आहे. त्याला तुमच्या टिपणात जागा द्या आणि उपायही सुचवा, उदाहरणार्थ मुलीचं म्हणणं बालकल्याण समितीने स्वतंत्रपणे नोंदवणं. मसुदा पाठवण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीतल्या एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

5. गावाचा ठराव घ्या

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय आधी लेखी देऊन घालून घ्या, ऐनवेळच्या विषयावर विसंबू नका. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारीही असतो आणि सरपंच ग्राम बाल संरक्षण समितीचा अध्यक्ष, त्यामुळे दोघांनाही या विषयाला हात झटकता येत नाहीत. ठरावाची प्रत सही-शिक्क्याची मागून घ्या. शेजारच्या दहा गावांचे ठराव जोडलेलं निवेदन आमदार बाजूला सारत नाही.

मुलींच्या कहाण्या सांगताना मात्र सांभाळा. नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही नको. बालन्याय कायद्याच्या कलम 74 ने ते गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, जिच्यासाठी आपण झटतो तिचंच आयुष्य चव्हाट्यावर आणायचं नाही.

6. अधिवेशनाच्या आधी आमदारांना भेटा

विधानसभेत 288 आणि विधान परिषदेत 78 सदस्य. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे आमदारही तुमचेच आहेत, त्यांना विसरू नका. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. भेट अधिवेशनाच्या किमान दोन महिने आधी घ्या, कारण तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर गर्दीत कागद हातात कोंबून काही होत नाही.

आमदारांकडून नेमकं मागा. आकडे वदवून घ्यायला तारांकित प्रश्न. मंत्र्यांचं निवेदन हवं असेल तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. आणि मसुदा तयार असेल तर अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं विधेयक. अशासकीय विधेयकं मंजूर होणं दुर्मीळ, पण ती चर्चेला आली की मंत्र्यांना सभागृहात भूमिका सांगावी लागते. ‘शासन याबाबत दुरुस्ती करेल’ असं एक वाक्य जरी मंत्री बोलले, तरी ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. कार्यवाहीतलं ते पान मिळवून जपून ठेवा. विनंती अर्ज समिती आणि महिला व बालकांच्या हक्कांची समिती, दोन्हींकडे प्रत द्या. विरोधी बाकांवरच्या आमदारांनाही तोच कागद, तीच वागणूक. मुलांचा विषय एका पक्षाचा झाला की पाच वर्षांनी त्याला कुणी वाली उरत नाही.

7. विधेयक आल्यावर

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर सूचना लेखी द्या, कलमवार. मंजुरीनंतर निश्चिंत होऊ नका. स्त्रिया आणि बालकांवरच्या गुन्ह्यांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, पण राष्ट्रपतींच्या अनुमतीअभावी ते कायदा झालंच नाही. समवर्ती सूचीतल्या दुरुस्तीचं हेच सगळ्यात अवघड वळण. म्हणून विधेयक दिल्लीला गेल्या दिवसापासून तुमच्या खासदारांना कामाला लावा, केंद्राने कोणते आक्षेप काढले हे संसदेत प्रश्न विचारून बाहेर काढा.

अनुमती मिळाली, तरी राजपत्रातली अंमलाची तारीख पाहा. नंतर नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, तर त्यावर मुदतीत लिहा: वसतिगृह कोणत्या महिन्यात उघडायचं, प्रवेशाला कोणती कागदपत्रं लागतील, मुलगी मध्येच हंगामावरून परतली तर जागा राहील का. आईबाप दिवाळीला निघतात, तेव्हा वसतिगृहाचं दार त्याआधी उघडलं पाहिजे, हे नियमात तारखेसह लिहून घ्या.