उमेदवाराची भाषणं नंतर, कारकीर्द आधी

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन पहिल्यांदाच अध्यक्षपदासाठी मत देणार असाल, तर टीव्हीवरच्या जाहिरातींपासून सुरुवात करू नका. आपल्या घराला भिडणारा एकच विषय निवडा, समजा ग्रीन कार्डची रांग किंवा मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा), आणि त्यावर प्रत्येक प्रमुख उमेदवाराने आजवर काय केलं ते शोधा. सिनेट किंवा प्रतिनिधिगृहात काम केलेल्यांची विधेयकं आणि मतदानाच्या नोंदी 'काँग्रेस डॉट जीओव्ही' या अमेरिकी संसदेच्या संकेतस्थळावरून सापडतात. राज्याचे गव्हर्नर राहिलेल्यांच्या बाबतीत सही केलेले कायदे आणि व्हेटोने, म्हणजे नकाराधिकाराने, अडवलेली विधेयकं बघा. आश्वासनं सगळेच देतात. सभागृहात मत नोंदवताना मात्र बाजू घ्यावीच लागते, म्हणून मला ही नोंद सर्वांत मोलाची वाटते.

मग पैसा. फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्या देणगीदारांची नावं नोकरी-व्यवसायासह दिसतात. तिथे अर्धा तास घालवाच.

वादविवादाच्या क्लिप व्हॉट्सॲपवर येतातच, पण पूर्ण लिखित प्रत वाचा. प्रश्न टाळलेला कागदावर लगेच कळतो.

शेवटी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून नमुना मतपत्रिका मिळवा, कारण नावं राज्यागणिक बदलतात. २०२४ मध्ये अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑगस्टमध्येच प्रचार थांबवला, तरी मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव राहिलंच. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचीही अशीच माहिती काढा, दोघांना मिळून एकच मत असतं.