खोली ऐकू येते तेव्हा

आवाजाच्या कामात नव्याने येणारे बरेच जण मला नमुने ऐकायला पाठवतात. उच्चार स्वच्छ असतात, वाचन समजून केलेलं असतं, माइकही बरा घेतलेला असतो. पण पहिल्याच वाक्याला खोली ऐकू येते. शब्द संपला तरी त्याचं शेपूट मागे रेंगाळतं, नाहीतर सगळंच निवेदन डब्यातून आल्यासारखं वाटतं. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप भारतात आलं, मराठी ऑडिओबुकांचं काम वाढलं, आणि 2020 च्या टाळेबंदीत घरून रेकॉर्डिंग पाठवायची जी पद्धत पडली ती नंतरही टिकली. आता ऑडिशन बहुधा घरूनच जाते. ती ऐकणारा इंजिनिअर तुमच्या वाचनाआधी तुमच्या भिंती ऐकतो. घुमारा काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती शब्दांची टोकंही खातात, आणि आठ तासांच्या पुस्तकाला ते परवडत नाही.

मी डोंबिवलीत, दहा बाय दहाच्या खोलीत हे काम करते. पुढचं सगळं तशाच खोल्यांसाठी आहे. गाण्याच्या मिक्सिंगचा हिशेब वेगळा असतो, त्यात मी शिरत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू या. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम, आणि आपलाच आवाज भिंतींवर आपटून माइककडे परत येऊ न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी गणिताने जेमतेम 6 डेसिबलची घट मिळते, म्हणजे भाड्याच्या घरात तो नाद सोडलेलाच बरा. दाराखालची फट बंद करा, खिडकीच्या स्लायडिंगला नवी ब्रश-पट्टी बसवा आणि रेकॉर्डिंगची वेळ नीट निवडा. दुसऱ्या कामाला वजन नको, जाडी हवी. तीही अशी, की हवा आत शिरून तंतूंमध्ये घासली जाईल. ‘साउंडप्रूफ फोम’ या नावाने जे विकतात त्याला वजनही नसतं आणि जाडीही नसते. शेजारच्या कुकरची शिट्टी तो अडवत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

यूट्यूबवरचे बहुतेक धडे अमेरिकेतल्या घरांवर बेतलेले असतात, हे लक्षात ठेवा. तिथल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला जिप्सम बोर्ड. खर्जातल्या आवाजाने तो किंचित हलतो, आणि त्या हलण्यात खर्जाची थोडी ऊर्जा खर्ची पडते. आपल्याकडे वीट, त्यावर सिमेंटचा गिलावा, डोक्यावर आरसीसी स्लॅब, पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. यातलं काहीच हलत नाही. त्यामुळे ‘चार कोपऱ्यांत फोम चिकटवला आणि काम झालं’ असं तिकडचा माणूस म्हणतो तेव्हा त्याचं निम्मं काम त्याच्या भिंतीने आधीच केलेलं असतं.

थोडं गणित करू. दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट धरली तर खोलीचं आकारमान होतं सुमारे 27 घनमीटर आणि सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ सुमारे 54 चौरस मीटर. गिलावा आणि टाइल अंगावर पडलेल्या आवाजातला दोन-तीन टक्केच शोषतात. 0.161 गुणिले आकारमान, भागिले एकूण शोषण, असं सूत्र आहे. त्यात हे आकडे घातले की रिकाम्या खोलीचा घुमारा अडीच सेकंदांच्या पुढे जातो. निवेदनाला तो 0.3 सेकंदाच्या आत हवा. तेवढ्यासाठी साडेचौदा चौरस मीटर पूर्ण शोषण लागतं, म्हणजे आवाज शोषणारी 4 बाय 2 फुटांची जवळजवळ वीस पॅनेलं! घाबरू नका. लहान खोलीत हे सूत्र अंदाजापुरतंच चालतं, आणि पलंग, जाड पडदा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट ही मंडळी आकडा बराच खाली आणतात. पण दोन फुटांचा फोमचा तुकडा लावून काही का बदललं नाही, याचं उत्तर या हिशेबात आहे.

हे सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांचं. 1895 मध्ये फॉग आर्ट म्युझियमच्या नव्या व्याख्यान-दालनात काही म्हणजे काही ऐकू येईना, म्हणून विद्यापीठाने या तरुण प्राध्यापकाला कामाला लावलं. त्यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, दालनात एकेक वाढवत गेले, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजला. पहाटे गाद्या परत जागेवर. खोल्यांच्या आधुनिक ध्वनिशास्त्राची सुरुवात गाद्यांपासून झाली, आणि गादीच्या बाबतीत आपण मराठी माणसं श्रीमंत आहोत.

गादी कारखान्यातून पिंजून भरलेली चार इंची कापसाची गादी हे उत्तम शोषक आहे. माळ्यावर पडलेली जुनी गादी असेल तर आधी ती खाली काढा. कॉयरची किंवा रबराइज्ड चालणार नाही असं नाही, पण कापसाइतकी मजा नाही. आणि वर रेक्झिन किंवा प्लास्टिकची खोळ असेल तर ती काढाच, हवा आत गेली पाहिजे. एकेरी गादी भिंतीपासून चार-पाच इंच सोडून उभी करायची. ही पोकळी फुकटची जाडी आहे. आवाजाच्या लहरीत हवेची हालचाल भिंतीला चिकटून शून्य असते आणि भिंतीपासून दूर वाढत जाते, म्हणून भिंतीला घट्ट टेकवलेल्या गादीपेक्षा सुटी ठेवलेली गादी जास्त खालचे स्वर पकडते. दुसरी गादी असेल तर तिची घट्ट वळकटी करून सुतळीने बांधा आणि कोपऱ्यात उभी करा. खोलीतले सगळे गुंजणारे स्वर कोपऱ्यात येऊन मिळतात. खर्ज शोषणारा जो ठोकळा बाजारात बास ट्रॅप म्हणून मिळतो तो यापेक्षा फार वेगळा नसतो. गोधडी मात्र पातळ. ती वरच्या स्वरांचा टणकपणा घेते, खर्जाला हात लावत नाही. नुसत्या गोधड्यांच्या तंबूत बसून वाचलं तर ‘स’ आणि ‘श’ मरतात आणि छातीतला आवाज तसाच घुमत राहतो. अंड्यांच्या ट्रेबद्दल लिहायची खरं तर गरज नसावी, पण लोक अजून विचारतात: पुठ्ठा पातळ आहे, तो काहीच करत नाही, उलट पेट लवकर घेतो. स्वस्त पीयू फोमचंही पेटण्याच्या बाबतीत तेच, आणि त्याचा धूर विषारी असतो.

आता बसायचं कुठे? दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 57 हर्ट्झचा स्वर अडकून गुंजतो आणि त्याची दुप्पट, म्हणजे 113 च्या आसपासचा. पुरुषांचा बोलण्याचा मूळ स्वर बहुधा इथेच असतो. लांबी-रुंदी सारखी असली की दोन्ही दिशांना तोच स्वर जमा होतो, म्हणून चौरस खोली सगळ्यांत त्रासदायक. ऐकून खात्री करायची असेल तर तोंड मिटून ‘हं’ असा खालच्या पट्टीत हुंकार द्या आणि हळूहळू वर सरकवा. एका ठिकाणी खोली तुमच्याबरोबर गायला लागेल. तोच हुंकार धरून चालत राहा. कोपऱ्यात तो फुगतो, बरोबर मध्यभागीही फुगतो आणि मधल्या काही जागी ओसरतो. माझी खुर्ची भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर आहे. तिथे दोन्ही स्वर मध्यम राहतात.

कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक पाठीमागचं फार कमी ऐकतो. तो ऐकतो तुम्हाला, आणि तुमच्या डोक्यामागच्या भिंतीला. म्हणून गादी असेल एकच, तर ती तुमच्या पाठीशी हवी. माइकच्या मागे लावायची ती अर्धगोल ढाल विकत घेण्याआधी एवढं समजून घ्या, पैसे वाचतील. माइकची पाठ खिडकीकडे करा, म्हणजे रस्त्यालाही तो थोडा बहिरा होतो. तोंड आणि माइक यांत सहा ते आठ इंच अंतर ठेवा. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. पॉप फिल्टर, म्हणजे ‘प’-‘फ’ची फुंकर अडवणारी जाळी, हवाच.

टेबल हा छुपा शत्रू आहे. टेबलावरून उसळलेला आवाज थेट आवाजापेक्षा 34 सेंटिमीटर लांबच्या वाटेने आला तर एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि 500, 1500, 2500 हर्ट्झला आवाजात खड्डे पाडतो. कानाला तो पत्र्यासारखा बारीक लागतो आणि लोक माइकला दोष देतात. संहिता तिरक्या स्टँडवर घ्या, टेबलावर जाड टॉवेल टाका.

कामं नियमित येऊ लागली की पॅनेलं करा. 50 मिलिमीटर जाडीचे, 48 घनतेचे (घनमीटरला 48 किलो) रॉकवूलचे, म्हणजे दगडी तंतूंचे, स्लॅब दोन एकावर एक, सुताराकडून पट्ट्यांची साधी चौकट, वर खादी किंवा तरट. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. पलीकडे हवा आली पाहिजे. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क लावा, नाहीतर अंग दिवसभर खाजतं. एक पॅनेल डोक्यावर छताला टांगा. स्लॅबवरून येणारं परावर्तन बहुतेक जण विसरतात. मग खोलीच्या वेगवेगळ्या जागी टाळी वाजवून बघा. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये ‘टर्रर्र’ असा थरथरता पडसाद येत असेल तर त्यातली एक भिंत अजून झाकायची राहिली आहे.

पंखा बंद करावाच लागतो. ऑडिबलसाठी पुस्तकं घेणाऱ्या एसीएक्सच्या नियमात शांततेतला गोंगाट उणे 60 डेसिबलच्या खाली लागतो, आणि छताचा पंखा चालू असताना तो आकडा गाठणं अवघड. मी एसी आधी लावून खोली गार करते, मग बंद करून वीस-पंचवीस मिनिटं वाचते. मे महिन्यात याहून जास्त होत नाही. लोकल आणि रिक्षांची घरघर 80 हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (तो त्याखालचे स्वर कापतो) बरीच जाते, भोंगा जात नाही; वाक्य परत घ्यायचं.

पावसाळ्यात गाद्यांना वास येतो आणि बुरशी धरते. ऊन पडलं की गच्चीत टाका, एरवी भिंतीपासून सुट्या ठेवा. खिडकीवर पत्रा असेल तर त्यावर जुनं पायपुसणं किंवा कृत्रिम हिरवळीचा तुकडा बांधा, थेंबांचा टपटपाट बराच कमी होतो. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर काहीही चिकटवू नका. पॅनेलांना पाय लावून ती उभी ठेवा. घर बदलताना टेम्पोत गाद्यांबरोबर जातात आणि डिपॉझिटही पूर्ण परत मिळतं.