'एसटी सवलत' कुणाची? वेबपानांवरच्या संक्षेपांविषयी नवख्यांसाठी

सांगलीत वेबसाइटची कामं घ्यायला लागलात की गिऱ्हाइकं साधारण अशी असतात: हळदीचे व्यापारी, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, पतसंस्था, कॉलेजं. त्यांच्याकडून येणारा मजकूर संक्षेपांनी भरलेला असतो. एपीएमसी, एमआयडीसी, मनपा, ता., जि. लिहिणाऱ्याला ते पाठ असतात, बाहेरगावचा वाचणारा अडतो.

वेबपान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये यासाठी 'एबीबीआर' टॅग, म्हणजे मजकुराभोवती घालायची खूण, आहे. संक्षेप टॅगच्या आत ठेवायचा, पूर्ण रूप त्या टॅगच्या 'टायटल' या गुणधर्मात. जुन्या पुस्तकांत 'अ‍ॅक्रोनिम' हाही टॅग सापडेल. १९९९च्या एचटीएमएल ४.०१मध्ये दोन्ही होते, एचटीएमएल ५ने अ‍ॅक्रोनिम मोडीत काढला. सरसकट एबीबीआर वापरा.

क्लासमध्ये इथवर शिकवतात. पुढचं मला कामातून कळलं, आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. टायटलमधला मजकूर माउस नेल्यावर दिसतो. मोबाइलवर माउस कुठला? आणि आपल्याकडे पान उघडतं ते बहुतेक मोबाइलवरच. नुसत्या कीबोर्डवर काम करणाऱ्यालाही तो दिसत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, तो वाचेलच याची खात्री नाही, ते सेटिंगवर ठरतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. तो घ्या आणि आपलंच पान डोळे मिटून ऐका.

म्हणून पहिल्या उल्लेखाला मी पूर्ण रूप मजकुरातच लिहिते: 'सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं.' पुढे नुसतं जीआय चालतं.

मराठीत जास्त जपावं लागतं. 'ता. ५' ही तारीख, 'ता. वाळवा' हा तालुका. कॉलेजच्या पानावर 'एसटी सवलतीचा अर्ज' लिहिलं, तर तो बसच्या पासाचा की अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांचा? चुकीचा अर्ज भरून एखाद्या पोराची मुदत टळू शकते. अशा ठिकाणी टॅगवर विसंबू नका, शब्दच पूर्ण लिहा. वर्तमानपत्राला जागा वाचवायची असते, वेबपानाला तशी अडचण नाही. उलट 'डॉ.' किंवा 'रु.' प्रत्येक वेळी टॅगमध्ये घालण्यात काही अर्थ नाही.

वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावं यासाठीच्या, नियमावलीत, डब्ल्यूसीएजीत, संक्षेपांचा निकष ३.१.४ आहे, पण तो 'एएए' या सर्वांत वरच्या पातळीचा. त्यामुळे गिऱ्हाईक तो कधी मागत नाही. तरी करा. मजकूर हातात आला की आधी त्यातले संक्षेप वेगळे काढा, त्यांची पूर्ण रूपं गिऱ्हाइकाकडूनच लिहून घ्या आणि मगच पानाला हात घाला.