अकॅडमी बघायला जाताय? ड्रिल उतरवत बसू नका

व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या युवा अकॅडमीत सरावाचं सेशन बघून आलोय हे कळलं, की नवे कोच हमखास एकच मागणी करतात: "सर, तिथली ड्रिल्स, म्हणजे सरावाचे ठरलेले प्रकार, पाठवा ना." मी पाठवत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही. चार विरुद्ध दोनचा रोंडो (चौघांनी चौकोनात पास देत बॉल राखायचा, मधल्या दोघांनी तो हिसकवायचा) तिथेही तोच असतो जो तुम्ही यूट्यूबवर बघितलाय. वॉर्मअपही बऱ्याचदा ओळखीचाच निघतो. फिफाचा '११+' हा दुखापती टाळण्याचा कार्यक्रम, म्हणजे १४ वर्षांपुढच्या खेळाडूंसाठी १५ व्यायाम आणि साधारण २० मिनिटं, कुणालाही फुकट मिळतो. मग तिथे जाऊन बघायचं काय? कोच. तो सेशन कधी थांबवतो, काय बघून थांबवतो आणि कधी गप्प उभा राहतो, ते.

आधी परवानगीचं बोलू. 'मला शिकायचं आहे' एवढ्यावर मेल पाठवलात तर उत्तर येणार नाही. अकॅडमी मॅनेजरला चार ओळी लिहा: तुमचं कोचिंगचं लायसन्स कोणतं, कोणत्या वयोगटाला शिकवता, कोणता गट बघायचाय आणि का. 'का'चं उत्तर जितकं नेमकं, तितकी होकाराची शक्यता जास्त. माझा प्रश्न होता, बॉल गमावलेल्या मुलाशी पुढच्या अर्ध्या मिनिटात कोच काय करतो? असा एकच प्रश्न घेऊन जा. दहा प्रश्न घेऊन गेलात तर प्रत्येक मैदानावर पाच-पाच मिनिटं भटकाल आणि हाती काही लागणार नाही.

तिथे सगळी अल्पवयीन मुलं असतात, त्यामुळे नियम कडक. गेटवर ओळखपत्र, रजिस्टरवर सही, सोबत कायम एक माणूस. फोटो, व्हिडिओ नाही. मुलांशी स्वतःहून बोलायचं नाही, कडेला उभ्या पालकांशी गप्पा मारायच्या नाहीत. हे सगळं निमूटपणे पाळा. खिशातून मोबाइल काढणाऱ्या पाहुण्याला पुन्हा बोलावणं येत नाही.

मी बाराखालचा गट धरून बसलो. रोंडो चालू होता. एक मुलगा दर वेळी छाती पासरकडे करून बॉल घेत होता, त्यामुळे मागून येणारा डिफेंडर त्याला दिसतच नव्हता. बॉल गेला. कोच काही बोलला नाही. पुन्हा गेला, तरी नाही. तिसऱ्यांदा गेल्यावर तो त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला. खेळ चालूच होता. "तुझ्या मागे कोण होतं?" मुलाला सांगता येईना. कोचने उत्तर दिलंच नाही, तो तिथून निघून गेला. जाता जाता पायानेच चौकोनाच्या कोपऱ्यावरचा प्लास्टिकचा शंकू एक पाऊल बाहेर सरकवला. चौकोन जरासा मोठा झाला आणि त्या मुलाला मान वळवायला तेवढा वेळ मिळाला. थोड्या वेळात त्याने बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघितलं, अंग अर्धं वळवून बॉल घेतला आणि पलीकडे काढून दिला. कोचने लांबूनच अंगठा दाखवला. शिट्टी नाही, सगळ्यांना थांबवून भाषण नाही.

तो सरकलेला शंकू वहीत कसा उतरवणार? ड्रिलच्या आकृतीत चौकोन एकाच मापाचा असतो.

सेशननंतर मी त्याला विचारलं, पहिल्या दोन वेळा का सोडलं? तो म्हणाला, "एकदा चुकला तर ती चूक, सारखा चुकतोय तर ती सवय. मी सवयीसाठी जातो." आपल्याकडचे बरेच कोच पहिल्या चुकीलाच ओरडतात. मग मुलं बॉल मागायचंच सोडून देतात.

दुसरी गोष्ट मैदानाबाहेरची. मुलांची उंची, वजन ठरावीक अंतराने मोजलं जातं आणि आई-वडिलांची उंचीही फाइलमध्ये असते. खामिस आणि रोश यांची १९९४ सालची एक पद्धत आहे. मुलाचं वय, उंची, वजन आणि पालकांच्या उंचीची सरासरी यावरून प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज काढायचा, आणि आज मुलाने त्यातली किती टक्के गाठली ते बघायचं. एकाच वयाच्या दोन मुलांत हा फरक मोठा निघू शकतो. एक पुरुषासारखा दिसतो, दुसरा अजून बाळसेदार. म्हणून अधूनमधून वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामने खेळवतात. याला बायो-बँडिंग म्हणतात. लवकर वाढलेल्या मुलाला धक्का मारून बॉल मिळवायची सोय उरत नाही, त्याला डोकं वापरावं लागतं. उशिरा वाढणाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा पुढाकार घ्यायला मिळतो.

याच्याच जोडीला जन्ममहिना. वयोगटाची तारीख १ जानेवारी असेल तर जानेवारी-मार्चची मुलं निवडीत जास्त दिसतात. इंग्लंडमध्ये तारीख १ सप्टेंबर आहे, तर तिथे सप्टेंबर-नोव्हेंबरची. यात गुणवत्ता कमी, काही महिन्यांचं मोठेपण जास्त. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. तुमच्या संघाच्या यादीत प्रत्येकाचा जन्ममहिना लिहा आणि वयोगटाच्या वर्षातल्या शेवटच्या तिमाहीतले किती आहेत ते मोजा. आणि वाढीच्या वयातल्या मुलाची टाच दुखतेय किंवा गुडघ्याखालचं हाड ठणकतंय, तर 'नाटकं करतोय' म्हणून त्याला पळवू नका. सेव्हर आणि ऑसगूड-श्लॅटर ही दुखणी याच वयातली; मुलाला फिजिओकडे किंवा डॉक्टरकडे पाठवा.

मोठ्या अकॅडम्यांच्या 'तत्त्वज्ञाना'ची हवा फार असते. नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबचं टीआयपीएस, म्हणजे खेळाडू जोखायच्या चार कसोट्या: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. बार्सिलोना क्लबची अकॅडमी ला मासिया, जिचं वसतिगृह १९७९ साली सुरू झालं आणि जिच्यातून आलेले मेस्सी, इनिएस्टा आणि झावी हे तिघेच २०१० च्या बॅलन डी'ओरचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, अंतिम दावेदार होते. स्पेनच्याच अथलेटिक बिलबाओ क्लबची लेझामा ही अकॅडमी तर बास्क प्रदेशातल्या खेळाडूंवरच चालते. हे सगळं वाचा जरूर. पण तिथे येणारी पोरं गाळून-गाळून आलेली असतात. तुमच्याकडे दार उघडलं की जो येईल तो खेळाडू.

आणि गाळण आत गेल्यावरही थांबत नाही. बहुतेक मुलं पहिल्या संघापर्यंत पोचत नाहीत. मला तिथलं सर्वात कठीण काम वाटलं ते शिक्षण आणि कल्याण सांभाळणाऱ्या माणसाचं. अभ्यास, घरची ओढ, आणि 'पुढच्या वर्षी तुला ठेवत नाही' हे सांगितल्यानंतरचे आठवडे, सगळं त्याच्याकडे. संधी मिळाली तर कोचइतकाच वेळ त्याच्यासोबत काढा.

करिअर म्हणून विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: लायसन्सची सी, बी, ए, प्रो अशी चढण बहुतेक ठिकाणी ओळखीची आहे. पण आत शिरण्याची वाट बहुधा सर्वात लहान गटांतून जाते, संध्याकाळची, अर्धवेळ, कमी पैशांची. तिथे मोठ्या नावांची गर्दी नसते. सामन्यांचा विश्लेषक, गोलकीपर कोच, स्ट्रेंथ कोच, स्काउट (नवे खेळाडू हेरणारा) ही दारंही आहेत. माजी खेळाडू नसाल तर विश्लेषकाचं दार मला जास्त उघडं वाटतं.

एक रुक्ष पण कामाची गोष्ट राहिली. फिफाच्या नियमाने व्यावसायिक खेळाडूची करार चालू असताना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली, तर रकमेच्या ५ टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात घडवलेल्या क्लबांमध्ये वाटला जातो: १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षासाठी ०.२५ टक्के, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ०.५ टक्के. छोट्या क्लबला यातून कित्येक वर्षांचा खर्च सुटू शकतो. पण त्यासाठी खेळाडू तुमच्याकडे फेडरेशनमध्ये रीतसर नोंदलेला असायला हवा. त्या अकॅडमीत या कागदांसाठी वेगळा माणूस होता. तुमच्याकडे नसेल, तर नोंदणीचे फॉर्म हंगाम सुरू होतानाच भरून टाका आणि प्रती जपून ठेवा.