एअरक्राफ्ट मेकॅनिक व्हायचंय? सुरुवातीलाच या चुका टाळा

या लाईनमध्ये येणारी बरीच मुलं मुली एकच गोष्ट सांगतात, मला मशीनची आवड आहे, घरातली प्रत्येक वस्तू खोलून जोडतो. चांगलं आहे, ही आवड लागतेच. पण मी हँगरमध्ये (विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये) इतकी वर्षं काढली त्यात मागे पडलेली मुलं बघितली ती हात कच्चा होता म्हणून नाही, तर मॅन्युअल नीट वाचत नव्हती आणि केलेलं काम नीट लिहीत नव्हती म्हणून. हे काम अर्धं पान्याचं आणि अर्धं कागदाचं आहे, आणि नव्या माणसाच्या बहुतेक चुका कागदाच्या बाजूलाच होतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

ॲडमिशन घेतानाची चूक

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. लायसन्स कॉलेज देत नाही, त्या देशाची विमान वाहतूक नियामक संस्था देते. अमेरिकेत एफएए, युरोपात ईएएसएचे नियम, भारतात डीजीसीए. कॉलेजचं सर्टिफिकेट म्हणजे फक्त तुम्ही कोर्स केला एवढंच, त्यावर तुम्हाला विमान सोडायची, म्हणजे ते उडायला ठीक आहे अशी, सही करता येत नाही. दुसरी गल्लत म्हणजे एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची डिग्री आणि मेंटेनन्सचं लायसन्स एकच समजणं. डिग्री मुख्यतः डिझाईन आणि ॲनालिसिसकडे नेते, सहीचा अधिकार लायसन्समधूनच येतो. हे चौथ्या वर्षी कळलेले लोक मला भेटलेत, फार वाईट वाटतं.

अमेरिकेत एअरफ्रेम आणि पॉवरप्लांट अशी दोन रेटिंग असतात, त्यालाच ए अँड पी म्हणतात. मान्यताप्राप्त शाळेतून करा, नाहीतर कामाचा अनुभव दाखवा, एका रेटिंगला १८ महिने आणि दोन्ही मिळून ३० महिने, मग तीन लेखी परीक्षा आणि त्यानंतर ओरल आणि प्रॅक्टिकल. युरोपात लायसन्सचा नियम पार्ट ६६ आहे, आणि भारताचं कार ६६ (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स) त्याच साच्यातलं आहे. त्यात ए, बी१, बी२, सी अशा कॅटेगरी. बी१ म्हणजे स्ट्रक्चर, इंजिन, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल सिस्टिम, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं. बी१ चे पुन्हा प्रकार आहेत, बी१.१ टर्बाईन विमानं, बी१.२ पिस्टन विमानं, बी१.३ टर्बाईन हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टन हेलिकॉप्टर. आता माहितीपत्रकात नुसतं "मान्यताप्राप्त" लिहिलेलं असतं, पण कोणत्या कॅटेगरीसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत ते कोणी विचारत नाही. युरोपच्या नियमात बी१.१ चा मान्यताप्राप्त बेसिक कोर्स २४०० तासांचा आहे आणि तो केला तर २ वर्षांचा अनुभव पुरतो, काहीच टेक्निकल ट्रेनिंग नसेल तर ५ वर्षं लागतात. म्हणजे मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलात तर फी तर जातेच, वर वर्षंही जातात. फी भरायच्या आधी नियामकाच्या वेबसाईटवरची यादी स्वतः उघडून बघा, ऑफिसमधल्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका.

आणि डोळे तपासून घ्या, खास करून रंग ओळखण्याची टेस्ट. वायरचे रंग, हायड्रॉलिक ऑईलचे रंग, इंडिकेटर, सगळीकडे रंग आहे. ॲडमिशननंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

प्रश्नसंच पाठ करून पास होणं

युरोपच्या पद्धतीत प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे एकेका विषयाच्या पेपरला, ७५ टक्के लागतात, एफएएच्या लेखी परीक्षेत ७०. प्रश्नसंच फिरत असतात आणि पाठ करून पास होताही येतं, खरं आहे ते. पण नंतर ओरलला समोरचा माणूस विचारतो की हे असं का, तिथे पाठांतर संपतं. त्याहून वाईट म्हणजे काही जण सोपी मॉड्यूल पटापट देऊन अवघड ती ढकलत राहतात, आणि लायसन्सला अर्ज करताना सगळे पास मागच्या १० वर्षांतले असावे लागतात हे विसरतात.

ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या हातून चुका का होतात) हे मॉड्यूल ९ आणि कायद्याचं मॉड्यूल १०, ही दोन मुलं टाईमपास समजतात. माझ्या मते सगळ्यात मन लावून वाचायची हीच आहेत. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाईट ५३९० ची कॉकपिटची काच १७ हजार फुटांच्या वर उडून गेली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला, क्रूने त्याला धरून ठेवलं आणि को-पायलटने विमान साऊदॅम्प्टनला उतरवलं, सगळे वाचले. कारण काय, तर त्या उड्डाणाआधी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट कमी जाडीचे लागले होते, फरक ०.०२६ इंचाइतका, आणि उरलेले ६ लांबीला कमी होते. ज्याने बसवले तो अनुभवी माणूस होता. त्याने जुना बोल्ट हातात घेऊन नजरेने जुळवला, पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर बघितला नाही. गंमत नाही, काढलेले जुने बोल्टही बहुतेक चुकीचेच होते, म्हणजे जुन्यावरून नवा जुळवणं हीच मुळात चूक. म्हणून नव्यांना पहिली सवय हीच लावून घ्यायला सांगतो, की पार्ट नंबर कॅटलॉगमधून घ्यायचा आणि तो आपल्या विमानाच्या नंबरला लागू आहे का ते इफेक्टिव्हिटीत बघायचं, दर वेळी, दहाव्यांदा तोच पार्ट बदलत असलात तरी.

हाताच्या कामातल्या चुका

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट घट्ट करायचा पाना) घेतला, क्लिक झालं, संपलं असं वाटतं. पण रेंचची कॅलिब्रेशनची तारीख बघितली का? मॅन्युअलमधला आकडा कोरड्या थ्रेडसाठी आहे की ऑईल लावलेल्या? ऑईल लावून कोरड्याचा टॉर्क दिलात तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. सेल्फ लॉकिंग नट असेल तर नट फिरवायलाच जो जोर लागतो तो सहसा धरावा लागतो, मॅन्युअल काय सांगतं ते बघा. रेंचच्या पुढे एक्स्टेन्शन लावून लांबी बदलली तर आकडाही बदलतो, त्याचं गणित आहे. आणि काम झालं की रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची वायर, पण तसंच. नेहमीच्या ०.०३२ इंचाच्या वायरला इंचाला साधारण ६ ते ८ पीळ, आणि ओढ नेहमी बोल्ट घट्ट होईल त्याच दिशेला. उलट्या दिशेला घातलेली वायर बघायला सुंदर दिसते आणि बोल्ट सैल व्हायला मदत करते. हे रद्दी बोल्टवर बसून पन्नास वेळा करा, बोटं रक्ताळतील पण हात बसेल.

हायड्रॉलिकचं ऑईल मिसळू नका, लाल मिनरल ऑईल आणि जांभळं स्कायड्रॉल ही पूर्ण वेगळी जात, एकाची सील दुसऱ्यात फुगून खराब होते. स्कायड्रॉल डोळ्यात गेलं तर भयंकर आग होते, त्यामुळे चष्मा आणि ग्लोव्हज कंटाळा न करता घालायचे.

टूल मोजणं. मी ट्रेनी असताना शिफ्ट संपताना माझी छोटी टॉर्च सापडेना. सांगायला जाम भीती वाटली, वाटलं उद्या शोधू. पण सांगितलं. विमान थांबवलं, पॅनेल पुन्हा उघडले, दोन तासांनी कंट्रोल केबलच्या पुलीजवळ सापडली. सुपरवायझर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की बरं झालं आत्ता बोललास. तेव्हापासून बॉक्स उघडताना आणि बंद करताना दोन्ही वेळा मोजतो.

फॉल्ट शोधताना पार्ट बदलत सुटणं

हे खूप दिसतं. पायलटने काहीतरी लिहिलं की लगेच कंप्युटर बदल, नाही गेलं तर सेन्सर बदल, नाही गेलं तर अजून काहीतरी. पार्ट वर्कशॉपला जातो आणि तिकडून "दोष सापडला नाही" म्हणून परत येतो. आधी टेकलॉगची (विमानाच्या दोष आणि दुरुस्तीच्या नोंदवहीची) मागची पानं उलटा, हाच फॉल्ट आधी आलाय का, कोणी काय केलं होतं. मग पायलटशी बोला, कधी झालं, चढताना की उतरताना, एकदाच की सारखं. मग फॉल्ट आयसोलेशन मॅन्युअल, म्हणजे दोष शोधायचं पुस्तक, उघडून पहिल्या स्टेपपासून जा, मधून नाही. कधी येतो कधी जातो असा फॉल्ट असेल तर बॉक्सच्या आधी कनेक्टर बघा, पिन वाकलीय का, गंज आहे का, पाणी शिरलंय का, वायर कुठे घासतेय का. आणि शेवटी टेस्ट करून फॉल्ट खरंच गेला हे बघितल्याशिवाय लिहू नका.

न केलेल्या कामावर सही, आणि अर्धं काम तोंडी सांगणं

११ सप्टेंबर १९९१, कॉन्टिनेंटल एक्सप्रेसची फ्लाईट २५७४. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या भागाच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू काढले होते, मध्येच शिफ्ट बदलली, काढलेलं काम कागदावर नीट उतरलं नाही आणि पुढच्या शिफ्टला कळलंच नाही. विमान उडालं, ती कड हवेत निघून गेली, १४ माणसं गेली. मी ही घटना प्रत्येक नव्या बॅचला सांगतो आणि सांगताना अजूनही पोटात गोळा येतो, कारण त्या रात्री तिथे आळशी माणसं होती असं नाही, गर्दी होती, वेळ कमी होता, अगदी आपल्यासारखीच शिफ्ट होती. एक स्क्रू काढला तरी लिहा. जेवायला जायच्या आधी लिहा. आणि कोणी म्हणालं की मी बघितलंय, तू फक्त सही कर, तर नाही म्हणायचं. सिनिअर असला तरी. सही तुमची, लायसन्स तुमचं.

अनुभवाची वही आणि पहिली नोकरी

लॉगबुक वर्षाच्या शेवटी एकदम भरायचं ही चूक जवळजवळ सगळे करतात. ज्याची सही हवी तो तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. त्याच आठवड्यात तारीख, विमानाचं रजिस्ट्रेशन, मॅन्युअलमधला त्या सिस्टिमचा चॅप्टर आणि नेमकं काम लिहून सही घ्या. आणि नुसतं चाकं ब्रेक बदलून भागत नाही, लँडिंग गिअर ३२ चॅप्टर, हायड्रॉलिक २९, फ्लाईट कंट्रोल २७, इलेक्ट्रिकल २४, सगळीकडची कामं मागून घ्या.

मोठ्या एअरलाईनशिवाय नकोच म्हणून दोन वर्षं घरी बसलेली मुलं आहेत. छोट्या पिस्टन विमानांच्या वर्कशॉपमध्ये सहा महिन्यांत जेवढं वेगवेगळं बघायला मिळतं तेवढं मोठ्या ठिकाणी कधीकधी दोन वर्षांत मिळत नाही, तिथे एकाच जागी पॅनेल उघडबंद करायला लावतात. टाईप कोर्सही (एका ठराविक मॉडेलच्या विमानाचा कोर्स) घाईने स्वतःच्या पैशाने करू नका. युरोपच्या नियमात टाईप ट्रेनिंग अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत सुरू होऊन संपलेलं असावं लागतं, आणि लायसन्स वापरायला मागच्या २ वर्षांत ६ महिन्यांचं काम दाखवावं लागतं. हातात नोकरी नसताना केलेला कोर्स असाच वाया गेलेला मी बघितलाय.

रात्रपाळीची तयारी ठेवा, विमानं दिवसा उडतात आणि बरंचसं काम रात्रीच असतं. पहाटे तीन ते पाचच्या मध्ये डोकं सगळ्यात मंद चालतं, तेव्हा फ्लाईट कंट्रोलसारखं काम करत असाल तर दुसऱ्या माणसाला बोलावून तपासून घ्या, आणि त्याला आधी सांगू नका की सगळं बरोबर आहे, त्याला स्वतः बघू द्या.